विद्युत् निरोधनाची परीक्षा : मुंबई बंदर ते गिरणगाव

मुंबईतील विजेचा इतिहास सांगताना सामान्यतः चार तारखांचा उल्लेख केला जातो. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात लागलेले विजेचे दिवे, ७ मे १९०७ रोजी धावलेली पहिली विजेची ट्राम, १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीहून परळपर्यंत येऊन पोचलेली जलविद्युत् आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेच्या स्वाधीन झालेली ‘बेस्ट’ कंपनी, या त्या तारखा होत. तारा टाकून झाल्या आणि वीज सोडली, एवढेच त्यांवरून कळते. परंतु तारा टाकणे आणि वीज सोडणे या दोन क्रियांच्या मध्ये आणखी एक क्रिया असते. तारेभोवतालचे आवरण वीज अडवून धरण्यास समर्थ आहे की नाही, हे वीज सोडण्यापूर्वीच पाहून घ्यावे लागते. या परीक्षेला उद्घाटनसमारंभ नसतो, तिची नोंद वर्तमानपत्रात येत नाही, आणि ती यशस्वी झाली म्हणजे काहीच घडत नाही. इतिहासकारांचे तिच्याकडे लक्ष गेले नाही याचे कारण बहुधा हेच असावे.

परीक्षेचे तत्त्व सोपे आहे. तारेतील धातू आणि जमीन यांच्यामध्ये ठरावीक दाबाचा एकदिश प्रवाह लावावयाचा, आवरणातून किती प्रवाह गळतो ते पाहावयाचे, आणि दाबाला गळतीने भागून आलेला रोध नोंदवावयाचा. हा रोध फार मोठा असल्याने तो दशलक्ष ओहममध्ये, म्हणजे मेगओहममध्ये सांगतात. शास्त्रीय परिभाषेत यास निरोधन-रोध म्हटले जाते. परळ-लालबागचा वायरमन मात्र ‘मेगर मारला’ एवढेच म्हणतो, आणि त्याचे म्हणणे अधिक सुटसुटीत आहे यात शंका नाही.

या साध्या मापनाविषयी एक गैरसमज फार जुना आहे. मेगरचा काटा आवरणाचा अंगभूत गुण दाखवितो, असे मानले जाते. वस्तुतः मुंबईसारख्या शहरात तो बव्हंशी आवरणात शिरलेले पाणी दाखवितो. म्हणून एका दिवशी घेतलेल्या एका आकड्याला फारसा अर्थ नसतो. अर्थ असतो तो एकाच तारेवर वेळोवेळी घेतलेल्या आकड्यांच्या मालिकेला. ही गोष्ट मुंबई बंदरात आलेल्या समुद्री तारायंत्राच्या अभियंत्यांना १८६४ साली ठाऊक होती. पुढे शहरात घरोघरी वीज आली तेव्हा मात्र ती नियमांच्या भाषेतून हळूहळू निसटली. हे कसे घडले ते पाहणे उद्बोधक आहे.

१८५९-६० मध्ये सुएझपासून एडनमार्गे कराचीपर्यंत समुद्राखालून तारायंत्राची केबल टाकण्यात आली होती. ती अल्पावधीतच मुकी झाली. सुमारे ८ लाख पौंडांच्या त्या भांडवलावर सरकारने ५० वर्षे व्याजाची हमी दिलेली असल्यामुळे, एकही संदेश न नेणाऱ्या तारेपायी खजिना पुढे कित्येक वर्षे रिकामा होत राहिला. अटलांटिकची १८५८ ची केबलही काही आठवड्यांतच निकामी झाली होती. या दोन अपयशांची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश सरकार व अटलांटिक तारायंत्र कंपनी यांनी नेमलेल्या संयुक्त समितीचा अहवाल १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे व्यावहारिक तात्पर्य असे, की केबल टाकून झाल्यावर ती चालते की नाही हे पाहणे म्हणजे परीक्षा नव्हे. कारखान्यातील पहिल्या वारापासून समुद्रतळापर्यंत तिची सतत मोजणी झाली पाहिजे. ज्या एककात ही मोजणी व्हावयाची त्यालाही निश्चित रूप याच गरजेतून आले. चार्ल्स ब्राइट आणि लॅटिमर क्लार्क या केबल-अभियंत्यांनी १८६१ मध्येच ब्रिटिश असोसिएशनपुढे विद्युत् एककांना शास्त्रज्ञांची नावे द्यावी अशी सूचना मांडली, आणि त्यानंतर नेमलेल्या समितीच्या कामातून ओहम हे एकक सिद्ध झाले. आज विद्यार्थ्याला ओहम हे शुद्ध भौतिकशास्त्राचे अपत्य वाटते. त्याचे पालनपोषण मात्र केबलच्या कारखान्यात झाले.

ब्राइट आणि क्लार्क हेच इराणच्या आखातातील १८६४ च्या केबलचे अभियंते होते. ती केबल इंग्लंडात तयार होऊन शिडाच्या जहाजांतून मुंबईस आली आणि येथून पुढे आगबोटींनी ती जहाजे ओढत नेऊन ग्वादर ते फाओ या मार्गावर टाकली गेली. त्या ताफ्यातील ‘ट्वीड’ आणि ‘असई’ ही दोन जहाजे मूळची मुंबईच्याच गोदीत, वाडिया घराण्याच्या हाताखाली, हिंदी आरमारासाठी बांधलेली होती. ‘ट्वीड’चे आधीचे नाव ‘पंजाब’. आरमाराने विकून टाकलेल्या या आगबोटींची यंत्रे काढून त्यांना शिडे चढविण्यात आली, आणि मुंबईचे सागवान अशा रीतीने केबल घेऊन मुंबईस परतले.

या केबलची तार गटापर्चाच्या थरांत गुंडाळलेली होती. गटापर्चाचा निरोधन-रोध उष्णतेने झपाट्याने उतरतो. काही थोड्या अंशांच्या फरकाने तो निम्म्यावर येतो. तेव्हा इंग्लंडातील थंड पाण्यात उत्तम वाटलेली केबल उष्ण कटिबंधातील जहाजाच्या तळघरात सदोष वाटणार, आणि उलट, खरोखर सदोष असलेली केबल थंडीत निर्दोष म्हणून सुटणार. यावर उपाय म्हणून कारखान्यातील मोजणी ठरावीक तापमानाच्या पाण्यात, ७५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे २४ अंश सेल्सिअसला करण्याची प्रथा पडली. दुसरी प्रथा वेळेची. दाब लावल्याबरोबर काटा एका जागी स्थिर होत नाही. गळती प्रथम जास्त दिसते व मग कमी कमी होत जाते. कोणत्या क्षणी आकडा वाचावयाचा याविषयी एकवाक्यता नसेल तर दोन मोजण्यांची तुलना व्यर्थ ठरते. म्हणून दाब लावल्यापासून एक मिनिटाने वाचन घेण्याचा प्रघात रूढ झाला. भारतातील वीजजोडणीच्या नियमांत ‘एक मिनिट’ ही मुदत पुढे आढळते, तिची वंशावळ अशी समुद्राखालील तारायंत्रापर्यंत जाऊन भिडते.

१८७० साली मुंबई-एडन केबल टाकण्यासाठी ‘ग्रेट ईस्टर्न’ हे त्या काळचे जगातील सर्वांत मोठे जहाज मुंबई बंदरात आले, तेव्हा त्याला पांढरा रंग दिलेला होता. हा पांढरा रंग शोभेसाठी नव्हता. काळ्या लोखंडावर पडणाऱ्या उन्हाने आतील टाक्यांतील केबल तापू नये, तिचे गटापर्चा मऊ होऊ नये आणि निरोधन ढळू नये, हा त्यामागील हेतू. १४ फेब्रुवारीस जहाज मुंबईहून निघाले आणि महिनाअखेरीस एडनला पोचले. वाटेत केबल सुटत असताना तिची विद्युत्-परीक्षा अखंड चालू होती; आकडा बदलला की जहाज थांबवावयाचे, असा क्रम. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की या अभियंत्यांपाशी एका आकड्यापेक्षा आकड्यांची वही अधिक मोलाची होती.

गटापर्चाची गंमत अशी, की ते पाण्यात दीर्घकाळ टिकते आणि हवेत लवकर तडकते. समुद्राखालून भारतास जोडणारी तार ज्या आवरणाने सुरक्षित राखली, ते आवरण गिरगावातील चाळीच्या भिंतीवर कुचकामाचे होते. जमिनीवरच्या वीजदिव्यांसाठी म्हणून दुसरे पदार्थ पुढे आले. गंधक घालून पक्के केलेले रबर, त्यावर कापडी फीत आणि वर मेण-डांबराने माखलेली सुती वेणी, अशी ती तार. ती दोन खोबणी असलेल्या लाकडी पट्टीत बसवून वरून झाकण ठोकीत. मोठ्या दाबासाठी तेलात भिजविलेल्या कागदाचे वेष्टन व त्यावर शिशाची नळी असे. यंत्रांच्या वेटोळ्यांसाठी तांब्याच्या तारेवर सुताचे दुहेरी आवरण देत. रबर सोडल्यास या यादीतील प्रत्येक वस्तू, म्हणजे सूत, कागद आणि लाकूड, पाणी शोषून घेणारी आहे. शिसे, डांबर, मेण व व्हार्निश यांचे काम एवढेच की पाण्याला आत येऊ द्यावयाचे नाही.

मुंबईच्या हवेत हे काम सोपे नव्हे. जुलै महिन्यात येथील सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. ओल्या भिंती दिवाळीपर्यंत सुकत नाहीत. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ कंपनीने वाडीबंदर येथे ४,३०० किलोवॉटचे वीजकेंद्र उभारले. तत्पूर्वी क्रॉफर्ड मार्केटचा कंत्राटदार असलेली ‘ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर’ कंपनी दिवाळखोरीत जाऊन बाजार पुन्हा गॅसबत्तीकडे वळला होता, त्यामुळे शहरात वीज स्थिरपणे रुजली ती या दुसऱ्या प्रयत्नात. १८८७, १९०३ आणि १९१० असे विजेसंबंधीचे तीन कायदेही या काळात झाले. १९१० च्या कायद्याने विद्युत् निरीक्षकाचे पद आणि अपघाताची सूचना देण्याचे बंधन पक्के केले.

परंतु तारजोडणीचे नियम मुळात ज्यांनी लिहिले ते कायदेपंडित नव्हते. १८८२ मध्ये इंग्लंडात दोन नियमावल्या निघाल्या: एक तारायंत्र अभियंत्यांच्या संस्थेची आणि दुसरी ‘फीनिक्स’ या अग्निविमा कंपनीची. विजेचे दिवे प्रथम मोठ्या प्रमाणावर ज्या इमारतींत लागले त्यांत कापडगिरण्या प्रमुख होत्या, आणि कापसाने भरलेल्या इमारतीचा विमा उतरविणाऱ्याला ठिणगीची धास्ती असणे स्वाभाविक होते. निरोधनाची पहिली काळजी अशी मालाच्या पोटी जन्मली. साच्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या पोटी नव्हे. मुंबईच्या गिरण्यांतही विजेचा दिवा कामगाराच्या दृष्टीने प्रथम दिलासा म्हणून आला नाही. १९०५ च्या सुमारास तेजीच्या दिवसांत दिव्यांच्या जोरावर कामाचे तास १४-१५ पर्यंत लांबले, त्याविरुद्ध कामगारांत असंतोष भडकला, आणि १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरणीतील प्रौढ पुरुषाच्या कामावर १२ तासांची मर्यादा घातली. हा विषय स्वतंत्र अभ्यासाचा आहे. येथे तो उल्लेखापुरता पुरे.

दिव्यांपाठोपाठ चालकशक्ती आली, आणि खरा प्रश्न तेथे उभा राहिला. टाटा जलविद्युत् कंपनी १९१० मध्ये नोंदली गेली. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खोपोलीच्या यंत्रांवर पाडून झालेली वीज १ लाख व्होल्टच्या दाबाने डोंगर आणि खाडी ओलांडून परळच्या ग्रहणकेंद्रात येई, तेथे दाब उतरवून ती जमिनीखालील केबलींनी गिरण्यांना दिली जाई. वाफेच्या एंजिनाचे अजस्र चाक आणि त्यावरून मजल्यामजल्यांवर जाणारे दोर यांच्या जागी हळूहळू विजेची मोटार आली. प्रथम एक मोटार एक अख्खा शाफ्ट फिरवीत असे. नंतर यंत्रागणिक मोटार बसू लागली. मोटार जसजशी एंजिनघरातून निघून खात्यात येऊ लागली, तसतशी ती कापसाच्या आणि दमटपणाच्या अधिकाधिक जवळ गेली.

हा दमटपणा केवळ पावसाळ्याचा नव्हता. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून साचेखात्यात वाफ किंवा पाण्याचे तुषार सोडून हवा मुद्दाम ओली ठेवावी लागे. गिरण्यांतील या कृत्रिम आर्द्रतेचा प्रश्न इतका तीव्र झाला की टी. मलोनी यांनी तयार केलेला त्यासंबंधीचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामागील चिंता कामगाराच्या प्रकृतीची व मालाच्या प्रतीची होती. विद्युत् अभियंत्याच्या दृष्टीने मात्र त्यातच एक विसंगती दडलेली आहे. १०० भाग कोरडा कापूस ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत सुमारे ८ भाग पाणी धरतो, आणि हवा अधिक ओली झाली की अधिक धरतो. हे पाणी सुताला लवचिक बनविते, म्हणून विणकराला ते हवे असते. पण मोटारीच्या वेटोळ्यावरचे आवरणही सुताचेच. आर्द्रता वाढताच त्याचा रोध हजारो पटींनी घसरतो. साच्यावरचा धागा ज्या हवेने वाचे, त्याच हवेने मोटारीतला धागा बिघडे. गिरणीत कापूस हा एकाच वेळी माल होता आणि यंत्राचे संरक्षकही होता, व दोघांच्या गरजा परस्परविरुद्ध होत्या.

या घटनेचे शास्त्रीय विवेचन सिडनी एव्हरशेड यांनी केले. रोध थेट वाचून दाखविणारे उपकरण त्यांनी १८८९ मध्ये सिद्ध केले होते. ‘मेगर’ हे त्याच्या पुढच्या पिढीचे व्यापारी नाव १९०३ चे. पेटीत हाताने फिरवावयाचा लहान जनित्र, मिनिटाला सुमारे १६० फेरे, ५०० व्होल्टचा दाब, आणि एकमेकींस काटकोनात खेचणाऱ्या दोन वेटोळ्यांवर बसविलेला काटा, असे हे यंत्र. जनित्राचा दाब थोडाफार कमीजास्त झाला तरी काट्यावर परिणाम होत नाही, कारण तो दाब व गळती यांचे गुणोत्तरच दाखवितो. बॅटऱ्यांची रांग आणि नाजूक आरशाचा मापक घेऊन जे काम केबलजहाजावरील तज्ज्ञ करी, ते आता एक माणूस गिरणीच्या गच्चीवर उभा राहून करू लागला. १९१३ मध्ये लंडनच्या विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेपुढे एव्हरशेड यांनी वाचलेला निबंध मात्र उपकरणापेक्षाही महत्त्वाचा आहे. सूत, कागद यांसारख्या सच्छिद्र पदार्थांतून जी गळती होते ती पदार्थातून नसून त्याच्या सूक्ष्म छिद्रांतील पाण्यातून होते, हे त्यांनी दाखविले. दाब वाढविला की ते पाणी छिद्रांच्या भिंतींवर पातळ पापुद्र्यासारखे पसरते आणि रोध आणखी घसरतो. म्हणून ५०० व्होल्टला एक व १,००० व्होल्टला त्याहून बराच कमी आकडा आला तर आवरण ओले आहे असे समजावे. थोडक्यात, स्वतःच्याच उपकरणाने काय मोजले जाते हे त्यांनी २४ वर्षांनंतर नेमके सांगितले.

चालू मोटार आपल्याच उष्णतेने कोरडी राहते. बंद मोटार ओल धरते. या साध्या नियमाचा गिरणगावच्या इतिहासाशी एक अनपेक्षित संबंध पोचतो. १९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिलच्या अखेरीस सुरू होऊन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मिटला, म्हणजे गिरण्या संपूर्ण पावसाळाभर बंद होत्या. १९५० चा बोनसचा संप १४ ऑगस्टपासून सुमारे दोन महिने चालला. या संपांविषयी वेतन, छाटणी, संघटना आणि नेतृत्व या अंगांनी पुष्कळ लिहिले गेले आहे व ते योग्यच आहे. परंतु भोंगा पुन्हा वाजणे आणि खाते पुन्हा चालू होणे यांच्यामध्ये यंत्रांचे असे एक कालमान असते, आणि ते करारावरील सहीने आटोपत नाही. चार महिने ओल पिऊन बसलेल्या वेटोळ्यावर एकदम पूर्ण दाब सोडला तर ते जळते, आणि चौकटीचा भूसंबंध सदोष असेल तर हात लावणाराही दगावतो.

अशी मोटार सुकविण्याची रीत वर्णन करण्याजोगी आहे, कारण तीत आकड्यांच्या मालिकेचे महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते. प्रथम मेगर लावून आरंभीचा आकडा टिपतात. मग मोटारीभोवती ताडपत्री बांधून आत मोठे दिवे पेटते ठेवतात, किंवा फिरता भाग जखडून वेटोळ्यांतून अगदी कमी दाबाचा प्रवाह सोडतात. तासातासाला वाचन घेतात. पहिल्या काही तासांत रोध वाढण्याऐवजी घटू लागतो. नवख्या माणसास वाटावे की यंत्र बिघडत आहे. वस्तुतः आवरण तापल्यामुळे त्याचा रोध उतरलेला असतो आणि आतील ओल बाहेरच्या दिशेने सरकत असते. तळ गाठल्यावर आकडा चढू लागतो, पुष्कळ वेळ चढत राहतो आणि अखेर स्थिरावतो. स्थिरावणे हीच सुकल्याची खूण. यंत्राचा दाब किलोव्होल्टमध्ये घेऊन त्यात १ मिळविला असता येणारा आकडा हा किमान मेगओहम मानण्याचा प्रघात आहे, २.२ किलोव्होल्टच्या मोटारीस ३.२ मेगओहम. पण जाणकार या किमान आकड्यापेक्षा वक्राच्या आकाराकडेच अधिक पाहतो. सकाळी आणि संध्याकाळी तोच आकडा आला तरी एक उतरणीवरचा असू शकेल व दुसरा चढणीवरचा.

गिरणीत असे जाणकार होते. त्यांपैकी अनेकांची तयारी १८८७ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९२३ मध्ये भायखळ्याहून माटुंग्यास गेलेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये झाली. चाळीत मात्र असा जाणकार नसतो. तेथे नियम हाच जाणकार, आणि म्हणून नियमाची रचना बारकाईने पाहिली पाहिजे.

भारतीय वीज नियमांत दीर्घकाळ अशी तरतूद होती, की ग्राहकाच्या जोडणीतील गळती त्यास पुरविल्या जाणाऱ्या कमाल प्रवाहाच्या पाच हजाराव्या भागाहून अधिक नसल्याचे समाधान झाल्याखेरीज पुरवठादाराने वीज जोडू नये. वरवर पाहता हा नियम न्याय्य वाटतो. परंतु हिशेब करून पाहावा. गिरगावातील ५ अँपिअरच्या बिऱ्हाडास त्यामुळे १ मिलिअँपिअर गळती क्षम्य ठरते. एवढा प्रवाह बोटाला जेमतेम जाणवतो. ५०० अँपिअर मागणीच्या कारखान्यास मात्र १०० मिलिअँपिअर क्षम्य ठरतात, आणि ही सारी गळती एकाच ठिकाणी होत असेल तर ती माणसाचा प्राण घेण्यास पुरेशी आहे. नियमाचा रोख विजेच्या अपव्ययावर आणि आगीवर होता, स्पर्श करणाऱ्या हातावर नव्हता, हेच यावरून दिसते. पुढे ही अपूर्णांकाची भाषा जाऊन ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट लावून किमान १ मेगओहम, अशी सरळ अट आली. २३० व्होल्टला १ मेगओहममधून पाव मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह गळतो. हा मोठाच फरक झाला. तारजोडणीच्या मानक संहितेत आणखी एक सूत्र होते: ५० ला दिवे-पंख्यांच्या जागांच्या संख्येने भागावे, येईल तितके मेगओहम असावेत. २५ जागा असल्यास २ मेगओहम. प्रत्येक जागा ही एक गळतीची वाट, आणि सर्व वाटा समांतर, हे त्यातील तर्कशास्त्र चोख आहे.

परंतु १९५६ च्या नियमांतील सत्तेचाळिसावा नियम वाचला असता परीक्षेचा प्रसंग कोणता, हे कळते. नवीन किंवा वाढीव वीज देताना, आणि बंद असलेली वीज सहा महिन्यांनंतर पुन्हा जोडताना, पुरवठादाराने ग्राहकाच्या जोडणीची परीक्षा करावी व निष्कर्षाची नोंद ठेवावी. सहा महिने ही मुदत कार्यालयीन सोयीची आहे. मुंबईचा पावसाळा चार महिन्यांचा. मेअखेर बंद केलेली जोडणी ऑक्टोबरात पुन्हा सुरू केली तर तिने आख्खा पावसाळा वीज नसताना, म्हणजे सर्वांत धोक्याच्या अवस्थेत, काढलेला असतो. तरी या नियमाने तिची परीक्षा आवश्यक ठरत नाही. नियमकर्त्याने महिने पंचांगातून मोजले, ओलीतून मोजले नाहीत. आधीच जोडलेल्या घरांसाठी सेहेचाळिसावा नियम होता: पाच वर्षांपेक्षा जास्त अंतर न ठेवता तपासणी. पाच वर्षांत पाच पावसाळे येतात. शिवाय जी नोंद ठेवली जाई ती पुरवठादाराच्या दप्तरात; चाळीचा मालक, भाडेकरू किंवा वायरमन यांपैकी कोणाच्याही हाती मागील आकडा नसे. समुद्री केबलच्या अभियंत्याने जी वही जिवापाड जपली, ती येथे तीन धन्यांत वाटली जाऊन नाहीशी झाली. २०१० मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या विनियमांनी १९५६ च्या नियमांची जागा घेतली, तरी १ मेगओहमची अट पुढे चालू राहिली.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्यास केवळ ७३ मिलिमीटर पडला. एकाच शहरात आणि एकाच दिवशी निरोधनाची परिस्थिती किती भिन्न असू शकते, हे या दोन आकड्यांवरून दिसते. दादर-परळच्या सखल भागात, विशेषतः हिंदमाता परिसरात, पाणी साचणे हा तर वर्षानुवर्षांचा अनुभव, आणि जुन्या चाळींची मीटरची पेटी बहुधा तळमजल्याच्या जिन्याखाली. पुराचे पाणी उतरल्यावर भिंत वरून सुकलेली दिसते. पट्टीतील लाकूड आणि सुती वेणी मात्र सुकलेली नसते. अशा वेळी मेगरने एकदा १ मेगओहम दाखविला, एवढ्यावर वीज सोडणे नियमास धरून असेल. शहाणपणास धरून नाही.

याच प्रश्नाचे सर्वांत अलीकडचे रूप तापक केबलींत दिसते. औद्योगिक वसाहतींत दाट तेलाच्या नळ्या गरम राखण्यासाठी नळीच्या अंगाने विद्युत् तापक केबल बांधतात आणि वरून उष्णतारोधक लगदा व पत्रा चढवितात. धातूच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासून भरलेली केबल हा त्यांतील एक प्रकार. घरगुती गीझरच्या तापकातही हीच भुकटी असते. ती उष्णतेस अढळ, पण पाण्यास अत्यंत हावरी आहे. टोकाचे तोंड उघडे राहिले की ती हवेतील बाष्प ओढून घेते. म्हणून पावसाळाभर न वापरलेला गीझर दिवाळीत प्रथम लावताना ‘शॉक’ देतो, आणि काही वेळ चालल्यावर देईनासा होतो. त्याने स्वतःला सुकविलेले असते. ही पहिली मिनिटेच घातक. तापक केबल बांधणाऱ्यांनी यावरून जी शिस्त घालून घेतली आहे ती १८६४ च्या शिस्तीशी विलक्षण जुळते. केबल रिळावर असताना एक वाचन, नळीवर बांधल्यावर दुसरे, वरचे आवरण चढविल्यावर तिसरे, आणि वीज सोडण्यापूर्वी चौथे. स्वीकारार्ह किमान रोध सामान्यतः २० मेगओहम धरतात, म्हणजे घरगुती नियमाच्या वीसपट. पण तिसऱ्या वाचनात हजार मेगओहम आणि चौथ्यात पंचवीस आले, तर किमान अट पुरी होऊनही अभियंता वीज सोडीत नाही. पत्रा चढविताना ठोकलेल्या खिळ्याने केबलला भोक पडले, की त्यातून पाणी शिरले, हे तो आधी शोधतो.

१८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपानंतर गिरण्यांपैकी अनेक पुन्हा पूर्ण क्षमतेने चालूच झाल्या नाहीत. त्यांच्या मोटारींनी पुढचे कित्येक पावसाळे बंद अवस्थेत काढले आणि अखेर तांब्याच्या वजनाने त्या विकल्या गेल्या. त्यांच्या परीक्षांच्या वह्यांना तेवढेही मोल आले नाही. परळच्या ग्रहणकेंद्रात मात्र आजही घाटावरची वीज येते, आणि गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींना ती देण्यापूर्वी नव्या केबलीवर मेगर लावला जातो.